एका ग्रॅममध्ये अडीच लाख अंडी, पण आया किती?

मत्स्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे. त्यांच्या विभागाने वसईकडच्या एका मिठागरातून चाळीसेक जिवंत आर्टेमिया आणले, काचेच्या टाकीत वाढवले, टाकीतलं पाणी हळूहळू जास्त खारट करत नेलं आणि दोन-अडीच महिन्यांत ग्रॅमभर अंडी जमवून, वाळवून, बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवली. ‘एका ग्रॅममध्ये अडीच-तीन लाख अंडी असतात. मग या मिठागरातल्या आर्टेमियाची जनुकीय विविधता आम्ही अंडीपेढीत जतन केली, असं अहवालात लिहिता येईल का? आणि किती थंड ठेवली तर किती वर्षं टिकतील?’

कोळंबीच्या हॅचरीत बारा वर्षं आणि नंतर अंड्यांच्या बाटल्या सांभाळण्यात त्याहून जास्त वर्षं घालवल्यावर माझं उत्तर असं: अहवालात तसं लिहू नका. निदान आत्ता तरी नको. अंडी अडीच लाख असतीलही, पण ती सगळी चाळीस जनावरांची प्रजा आहे. त्या चाळीसपैकी टाकीत किती जगली, किती माद्यांनी अंडी दिली, याची नोंद तुमच्याकडे नसावी असं प्रश्नावरून वाटतं. एका वाड्यातली माणसं मोजून तालुक्याची जनगणना झाली म्हणण्यासारखं होईल ते. थंडाव्याचं मी पुढे सांगतो. तो भाग सोपा आहे, म्हणून सगळे तोच आधी विचारतात.

ज्यांनी हा जीव पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आर्टेमिया म्हणजे सेंटिमीटरभर लांबीचा, पाठीवर उलटा पोहणारा, पिसासारख्या पायांचा प्राणी. समुद्राचं पाणी मिठागरात आटत आटत इतकं खारट होतं की मासे टिकत नाहीत, तिथे याचं राज्य सुरू होतं. दिवस बरे असले की मादी थेट पिल्लं सोडते. खारटपणा फार चढला, प्राणवायू कमी पडला की तीच मादी गर्भाभोवती कवच चढवून अंडी सोडते. यांना आम्ही अंडी म्हणतो, पण शास्त्रात आणि बाजारात शब्द आहे सिस्ट. आत सुमारे चार हजार पेशींचा गर्भ असतो, वाढ थांबवून बसलेला. त्याच्या कोरड्या वजनाचा सातवा-आठवा हिस्सा ट्रेहॅलोज नावाची साखर असते. पाणी निघून गेल्यावर पेशीतली सगळी यंत्रणा ही साखर काचेसारखी घट्ट धरून ठेवते. पी-२६ नावाचं प्रथिन तिच्या जोडीला असतं. अपोलो १६ आणि १७ या चांद्रयानांतून जे सजीव नेले होते त्यांत ही अंडीही होती.

सुकलेली अंडी तळहातावर घेतली तर तपकिरीच्या चिमटीसारखी दिसतात, रंगही तोच. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक अंडं एका बाजूने खोलगट, हवा गेलेल्या चेंडूसारखं. पाण्यात टाका, तास-दोन तासांत तो खड्डा भरून येतो आणि अंडं गरगरीत होतं. पंधरा-वीस तासांनी कवच तडकतं, पिल्लू पातळ पडद्यात गुंडाळलेलं खाली लोंबतं, या अवस्थेला आम्ही छत्री म्हणतो, आणि मग पडदा फाडून नारिंगी ठिपका पोहायला लागतो. हजारो वेळा पाहिलंय, अजून कंटाळा आला नाही.

हाच नारिंगी ठिपका जगभरच्या कोळंबी आणि मासळीच्या पिल्लांचं पहिलं अन्न आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत सील आणि नॉर्वेत रोलेफसेन यांनी ते दाखवून दिलं. आज जगात वर्षाला तीन-चार हजार टन सिस्ट खपते आणि तिचा मोठा वाटा अमेरिकेतल्या युटाच्या ग्रेट सॉल्ट लेकमधून येतो. तुमच्या मिठागराचं दुखणं इथूनच सुरू होतं.

म्हणून पहिला प्रश्न मीच विचारतो. तुम्ही आणलेले चाळीस जण नेमके कोण होते?

मुंबईच्या मिठागरांतल्या आर्टेमियाची नोंद सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये केली. १९५८ मध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवराची नोंद आली. पुढे तुतिकोरिन, कच्छ वगैरे. आपल्याकडचे हे जुने आर्टेमिया अनिषेकजनन करणारे, म्हणजे सगळ्या माद्याच. नराशिवाय अंडी, त्यातून पुन्हा माद्या. मग कोळंबीच्या हॅचऱ्या वाढल्या आणि अमेरिकेच्या सिस्टचे डबे येऊ लागले. त्या डब्यात असते आर्टेमिया फ्रान्सिस्काना, नर-मादी असलेली, झपाट्याने वाढणारी जात. हॅचरीचं सांडपाणी खाडीत जातं, त्यात न फुटलेली अंडी असतातच. काही ठिकाणी लोकांनी उत्पन्नासाठी मुद्दाम मिठागरात सोडली. उरलेलं काम पक्षी करतात, कारण पाणपक्ष्यांच्या पोटातून ही अंडी जिवंत बाहेर पडतात. पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स, इटली, मोरोक्को इथल्या मिठागरांत या पाहुणीने मूळच्या जातींना हुसकावून लावलं आहे. भारतातही तेच घडत असल्याचं २०१२ साली हायड्रोबायोलॉजिया या नियतकालिकातल्या शोधनिबंधाने मांडलं.

तेव्हा ठाणे-वसई-उरण पट्ट्यातल्या एखाद्या आगरातून जाळी मारली आणि आर्टेमिया मिळाले, एवढ्यावरून ते ‘आपले’ ठरत नाहीत. ओळखायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. पांढऱ्या बशीत पाणी घ्या आणि पाच मिनिटं नुसतं बघा. जोड्या दिसतात का? फ्रान्सिस्कानाचा नर डोक्यावरच्या मोठ्या आकड्यांनी मादीला मागून धरतो आणि दोघं तासन्‌तास एकत्र पोहतात. अशा जोड्या सर्रास दिसल्या तर पाहुणी आली असं धरून चाला. अनिषेकजनन करणाऱ्या जमातीतही क्वचित एखादा नर निघतो, त्यामुळे एका नरावरून निकाल देऊ नका. पक्कं करायचं असेल तर पिल्लू असतानाच एकेकीला वेगळ्या नळीत ठेवा. एक मादी, एक नळी. नराचं तोंडही न पाहता तिला प्रजा झाली तर ती आपली जुनी वाण. यावर डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून जात ओळखणं, तेही करून घ्या. एकेका अंड्यातूनही पुरेसा डीएनए निघतो. बाजारातल्या डब्यांत लेबलावर लिहिलेलंच आहे की दुसरं, हे तपासायला बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या मंडळींनी २००४ मध्येच सिस्टवरून जाती ओळखायचा संदर्भसंच प्रसिद्ध केला होता.

आता आयांचा हिशेब. तुमच्या चाळीस जणी अनिषेकजनन करणाऱ्या असतील तर प्रत्येकीची प्रजा म्हणजे जवळपास तिचीच नक्कल. अशा जमातीत विविधता असते ती वेगवेगळ्या वाणांमध्ये, आणि यात दोन गुणसूत्रसंचांच्या माद्यांपासून पाच संचांच्या माद्यांपर्यंत प्रकार आहेत. समजा त्या आगरात एक दुर्मीळ वाण आहे, पन्नास माद्यांत एक. चाळीस जणी उचलल्या तर तो वाण साफ हुकण्याची शक्यता जवळजवळ ४५ टक्के आहे. ०.९८ चा चाळिसावा घात काढून बघा. हीच शक्यता ५ टक्क्यांखाली आणायची तर दीडशे माद्या हव्यात. आणि हा हिशेब सगळ्या माद्या आगरभर नीट मिसळलेल्या आहेत असं धरून. तशा त्या नसतात. वारा त्यांना एका कोपऱ्यात लोटतो, एका वाफ्यात खारटपणा वेगळा, दुसऱ्यात वेगळा, आणि कोणता वाण कुठे तग धरेल हे त्यावर ठरतं. एका कोपऱ्यातून भरलेली बादली म्हणजे एका वाणाची बादली असू शकते.

त्यात टाकीची भर. दोन महिन्यांत टाकीत तीन-चार पिढ्या होतात. तुम्ही त्यांना कोंडा किंवा यीस्ट खायला घातलं असेल, तापमान स्थिर ठेवलं असेल. अशा सुखवस्तू वातावरणात जी सगळ्यात भराभर वाढते ती उरते, बाकीच्या मागे पडतात. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या वाफ्यात टिकणारी वाण कदाचित तुमच्या टाकीत पहिल्या पिढीतच संपली असेल. म्हणून माझा आग्रह असतो की पेढीत ठेवायची अंडी निसर्गातूनच उचलावीत, टाकीत तयार केलेली नकोत. टाकीतली अंडी वाईट नसतात, पण बाटलीवर ‘टाकीत तयार केलेली, संस्थापक ४०, पिढी अमुक’ असं ठसठशीत लिहिलेलं असावं. संस्थापक म्हणजे ज्यांच्यापासून सुरुवात केली ती जनावरं.

गोळा करताना एका आगरातल्या निदान आठ-दहा जागा घ्या, खारटपणा वेगवेगळा असलेल्या. मिठागरात बोमेच्या डिग्रीत, म्हणजे पाण्याच्या घनतेवरून, खारटपणा मोजतात, तिथल्या माणसाला विचारलंत तर तो बोट बुडवून चाखूनही सांगेल, तरी तुम्ही मोजा. किनाऱ्याला लागलेली अंड्यांची तपकिरी साय घ्या, पाण्यावर तरंगणारी अंडी घ्या आणि तळाचा चिखलही घ्या. नुसती साय गोळा करणं सोपं, म्हणून सगळे तेच करतात, पण ती परवाच्या वाऱ्याने आणलेली एका आठवड्याची उपज असू शकते. शिवाय सगळीकडची अंडी तरंगतातच असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकच्या आर्टेमियाची अंडी बुडतात, थंडीत तळाशी पडून राहतात आणि ती थंडी मिळाल्याशिवाय फुटत नाहीत. तिथे पाण्यावरची साय शोधत बसलात तर हात हलवत परत याल. शक्य असेल तर हंगामात दोनदा जा, सुरुवातीला आणि शेवटाला. जागांची अंडी एकत्र करू नका. एकत्र कधीही करता येतात, एकदा मिसळलेली वेगळी करता येत नाहीत.

एक जुनी चूक सांगतो, माझीच. कुठल्या प्रयोगशाळेत ते सोडा. आमच्याकडे कोकणातल्या एका आगरातली अनिषेकजनन करणारी वाण होती, सहा वर्षं सांभाळलेली. अंडी जुनी व्हायला लागली म्हणून ताजी करायला घेतली. फोडली, वाढवली, सगळं व्यवस्थित. अठराव्या दिवशी सकाळी टाकीपुढे चहा घेऊन उभा होतो आणि समोरून एक जोडी पोहत गेली. जोडी! माद्यांच्या टाकीत. चहा तसाच राहिला. शोध घेतल्यावर कळलं की धुण्यासाठी वापरलेली चाळणी आदल्या आठवड्यात अमेरिकन डब्यातली अंडी चाळायला कुणीतरी वापरली होती. स्वच्छ दिसत होती. पण जाळीच्या विणीत आणि कडेच्या शिवणीत अंडी अडकून बसतात, नळाखाली धरून जात नाहीत. टाकी ओतून दिली, ती पिढी बाद. मूळ बाटलीत चिमूटभर शिल्लक होती म्हणून वाण वाचली. तेव्हापासून नियम केला: प्रत्येक आगराची जाळी वेगळी, आणि बाजारातला डबा पेढीच्या खोलीत आणायचा नाही. चाळण्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवतो. ब्लीचमधल्या हायपोक्लोराइटने आधी कवच विरघळतं आणि जास्त वेळ ठेवलं तर गर्भही मरतो. तुमच्या विभागात कोळंबीच्या पिल्लांसाठी डबे येत असणार. तुमच्या ग्रॅमभर अंड्यांवर माझा पहिला संशय त्या डब्यांचाच आहे. राग मानू नका.

आता थंडावा. खरं म्हणजे थंडाव्याआधी कोरडेपणा. आणलेला माल आधी दाट मिठाच्या पाण्यात ढवळा. वाळू, चिखल खाली बसतो, अंडी वर येतात. मग थोडा वेळ गोड्या पाण्यात: भरलेली अंडी बुडतात, पोकळ कवचं आणि कचरा तरंगतो. हे गोड्या पाण्याचं काम दहा-पंधरा मिनिटांत उरका, नाहीतर अंडी पाणी पिऊन जागी होतात आणि अर्धी जागी झालेली पुन्हा वाळवली की कमजोर पडतात. वाळवताना पातळ थर, ३५ अंशांच्या आसपास हवा, वरचेवर हलवणं. ओली अंडी ४० अंशांपुढे मरतात. वाळल्यावर मात्र तीच अंडी ६० अंश सोसतात आणि खाली द्रवरूप नायट्रोजनपर्यंत कुठेही जातात. आत गोठायला पाणीच नसतं.

पाण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या खाली पाहिजे, तीन ते पाच टक्के उत्तम. १० ते ३५ टक्क्यांच्या मधली अवस्था सगळ्यात फसवी. अंडी हाताला कोरडी लागतात, पण आत हळूहळू झीज चालू असते. उलट फार कोरडी अंडी हवेत उघडी राहिली तर प्राणवायू त्यांना खातो. म्हणून निर्वात पाकीट किंवा नायट्रोजन भरलेली बंद कुपी. एवढं केलंत तर साध्या फ्रीजमध्येही वर्षानुवर्षं टिकतात, उणे २० मध्ये आणखी चांगल्या. ‘किती वर्षं’ याचा ठरीव आकडा मी देणार नाही, कारण तो वाणेवर, वाळवण्यावर आणि तुमच्या विजेवर अवलंबून असतो.

कोकणात खरा शत्रू जुलै महिना. फ्रीजरमधून काढलेली बाटली लगेच उघडली की बाहेरची दमट हवा आतल्या थंड अंड्यांवर दवासारखी बसते. दोन-तीनदा असं झालं की पाच टक्क्यांची अंडी पंधरा टक्क्यांवर जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच ठेवा, मग उघडा. त्याहून बरं म्हणजे एक मोठी बाटली न भरता अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमच्या वीस कुप्या भरा. एक उघडली की ती संपवायची, परत आत ठेवायची नाही. आणि निम्म्या कुप्या दुसऱ्या इमारतीत, जमलं तर दुसऱ्या गावात. फ्रीजरचा कॉम्प्रेसर दिवाळीच्या सुट्टीतच जातो, हा माझा अनुभव आहे.

दरवर्षी किंवा दोन वर्षांनी फोडून बघायचं. २५ ते २८ अंश, समुद्राइतकं किंवा त्याहून कमी खारट पाणी, भरपूर हवा, उजेड, एक-दोन दिवस. फ्रीजरमधली अंडी आधी आठवडाभर बाहेर राहू द्या. तीन वेगळ्या नळ्यांत मोजा आणि छत्र्या, पिल्लं, न फुटलेली असं तिन्ही लिहा. नवशिक्यांची इथे हमखास फसगत होते. ताजी गोळा केलेली अंडी फुटत नाहीत म्हणून ‘मेलेली’ असा शिक्का बसतो. ती मेलेली नसतात, गाढ झोपलेली असतात. ही झोप परिस्थिती सुधारली म्हणून मोडत नाही, तिला वेगळा इशारा लागतो. कुणाला वाळवणं पुरतं, कुणाला दाट मिठाच्या पाण्यात महिना-दोन महिने उणे २० ची थंडी लागते, कुणाला सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडचा झटका. प्रत्येक वाणेची नाडी वेगळी. न फुटलेल्या अंड्यांचं कवच ब्लीचने उतरवून बघा: आत घट्ट नारिंगी गोळा असेल तर बाटली टाकू नका.

फुटण्याचं प्रमाण घसरायला लागलं की पिढी ताजी करावी लागते. बियाणांच्या पेढ्यांचा निकष असा की मूळ उगवणक्षमतेच्या ८५ टक्क्यांखाली गेलं की नवं बी तयार करायचं. आम्हीही तोच धरतो. यामागचं कारण नीट समजून घ्या. सुरुवातीला शंभरातली ऐंशी फुटत होती आणि आता वीसच फुटतात, तर ती वीस कोणती? साठवण सोसणारी. तुमच्या फ्रीजरने निवड केली, आणि त्या वीसमधून तुम्ही पुढची पिढी उभी केलीत तर ती मिठागराची न राहता फ्रीजरची वाण होते. नर-मादीच्या जातीत आणखी एक गळती असते. दर पिढीला विविधतेचा काही हिस्सा आपोआप कमी होतो, प्रजननात खरोखर भाग घेणाऱ्यांच्या संख्येच्या दुपटीने एकाला भागून जो येतो तेवढा. पंचवीस जणच भाग घेत असतील तर पिढीला २ टक्के, दहा पिढ्यांत सुमारे १८ टक्के. म्हणून ताजी करायची तर हजारभर पिल्लांपासून सुरुवात, वेगवेगळ्या टाक्यांत, आणि एकाच पिढीत अंडी काढून थांबायचं. पुन्हा पुन्हा नाही. आगर शिल्लक असेल तर टाकीत ताजी करण्यापेक्षा पुन्हा आगरात जाणं केव्हाही स्वस्त आणि खरं.

एवढं सगळं कशासाठी, असं वाटत असेल तर दोन ठिकाणं बघा. इराणमधलं उर्मिया सरोवर एके काळी पाच हजार चौरस किलोमीटरचं होतं. तिथल्या आर्टेमिया उर्मियानाचं वर्णन १८९९ मध्ये गुंथर यांनी केलं. गेल्या तीन दशकांत सरोवराचं बहुतेक पाणी गेलं, खारटपणा लिटरला ३०० ग्रॅमच्या वर चढला, इतका की आर्टेमियालाही तो झेपेना. अशा सरोवरात आधीच्या वर्षांची अंडी कुणी तारीखवार ठेवलेली असतील तर त्यांची किंमत काय, हे वेगळं सांगायला नको. ग्रेट सॉल्ट लेकही २०२२ च्या शेवटी नोंदींतल्या सगळ्यात खालच्या पातळीला गेलं होतं आणि जगभरच्या हॅचऱ्यांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली होती.

दुसरं ठिकाण व्हिएतनाममधलं विन्ह चाऊ. तिथल्या मिठागरांत १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को खाडीची अंडी सोडली. कॅलिफोर्नियाच्या थंड खाडीतले जीव मेकाँगच्या मुखाशी तापत्या पाण्यात. मूळ खाडीची अंडी आणि विन्ह चाऊमध्ये तयार झालेली अंडी संशोधकांनी शेजारी ठेवून तपासली, तेव्हा व्हिएतनामची अंडी उष्णता कितीतरी जास्त सोसत होती. मोजक्या वर्षांत झालेला बदल. मूळची अंडी कपाटात नसती तर तुलना कशाशी केली असती? गेंटमध्ये १९७८ साली पॅट्रिक सोर्जलूस यांनी उभ्या केलेल्या आर्टेमिया केंद्राकडे जगभरचे असे नमुने आहेत. स्पेनमध्येही तोरे दे ला सालच्या मत्स्यसंवर्धन संस्थेकडे मोठा संग्रह आहे. या संग्रहांची ताकद फ्रीजरमध्ये कमी आणि वहीत जास्त आहे: कुठलं पाणी, कोणती तारीख, किती खारट, कुणी आणि कशाने उचललं. माझ्याकडे एक कुपी आहे, लेबलवर फक्त ‘मुंबई ९६’. सुंदर फुटते. तिचा उपयोग शून्य.

बाहेरच्या संग्रहाला नमुना पाठवायचा मोह होईल. जैवविविधता कायद्याखाली त्याला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. आधी अर्ज, मग पार्सल.

तुमच्या पट्ट्यात वेळ कमी आहे, हेही सांगायला हवं. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड इथली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी घ्यायला मान्यता दिली. त्या निर्णयाबद्दल मतं असतील, माझंही आहे, पण इथे मुद्दा चिखलाचा आहे. आगराचा तळ ही स्वतःच एक पेढी असते. दर पावसाळ्यात वाफे गोड्या पाण्याखाली जातात आणि दर हंगामात तळच्या अंड्यांतून जमात पुन्हा उभी राहते. वर पाहुण्या फ्रान्सिस्कानाच्या जोड्या पोहत असल्या तरी खालच्या थरात जुन्या माद्यांची अंडी पडलेली असू शकतात. चालू आगरात तळ पायाने तुडवून घट्ट करतात, त्यामुळे थर सरमिसळ झालेले असतात. तिथे थरांवरून वय काढायच्या भानगडीत पडू नका. बंद पडलेल्या, न तुडवलेल्या आगराच्या कोपऱ्यात मात्र नळी खुपसून चिखलाचा गाभा काढा, बोटभर तुकडे करा, प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत. त्यातून चाळलेली अंडी एकेक फोडा, एकेक नळीत वाढवा. शंभरात दोन निघाल्या तरी चालेल. भराव पडल्यावर दोनही निघणार नाहीत.

तर या वर्षीचं काम असं. तुमची ती ग्रॅमभर बाटली ठेवा, पण लेबल बदला: ‘टाकी, संस्थापक सुमारे ४०, जात तपासलेली नाही.’ तिच्यातली शंभर अंडी फोडून पिल्लं एकेकटी वाढवा, तीन आठवड्यांत कळेल की तुमच्याकडे कोण आहे. एप्रिलमध्ये एकदा आणि मेच्या शेवटी एकदा आगरात जा. जून लागला की आभाळाचा भरवसा नाही, आणि एका सरीत किनाऱ्याची साय वाहून जाते. मिठागरवाल्याला आधी फोन करा, मीठ ओढायच्या दिवशी गेलात तर तो बोलणार नाही. आणि चाळणी नवी घ्या.